सीएसआरचा (कंपन्यांनी समाजकामावर करायच्या खर्चाचा) पैसा मागायला निघालास, तर

भाऊ, निवाऱ्यासाठी पैसा हवा म्हणून मुंबईच्या कंपन्यांना मेल टाकत बसू नको. कायद्यातच स्थानिक भागाला प्राधान्य आहे. आपल्या नागपूरजवळच्या बुटीबोरी, हिंगण्याचे कारखाने आधी गाठ. तेही सगळे नाही. मागच्या वर्षी किमान ५ कोटी नफा, १००० कोटी उलाढाल किंवा ५०० कोटी नक्त मालमत्ता (देणी वजा जाता उरलेली), यातलं एक असेल त्यालाच गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सीएसआरवर खर्च करणं बंधनकारक.

संस्थेकडे १२ए आणि ८०जी (आयकर खात्याची करसवलतीची नोंदणी), सीएसआर-१ (कंपनी मंत्रालयाकडची नोंदणी) आणि तीन वर्षांचं काम लागतंच. तुझी संस्था नवी, म्हणून सध्या एखाद्या जुन्या संस्थेचा हात धर. त्यात कमीपणा कसला?

प्रस्तावात निवाऱ्यावर रात्री थांबणाऱ्या माणसाचा पगार ठळक लिही. ब्लँकेट फोटोत दिसतं, पगार दिसत नाही, म्हणून साहेबलोक नेमका तोच कापतात. तिथे मात्र अडून बस.