चेरीला कुणाकडे देऊ?

प्रश्न : ताई, आमच्याकडे ४ वर्षांची लॅब (लॅब्रेडॉर कुत्री) आहे, चेरी. मिस्टरांची बदली ठाण्याला झालीय, तिथली सोसायटी म्हणते कुत्रं चालणार नाही, त्यात सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय आणि ही सारखी पायात येते. दीर म्हणतात निफाडला शेतावर सोडू, मोकळी राहील. मला झोप नाही. काय करू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : शेतावर अजिबात नको हो. निफाडच्या उसात बिबटे आहेत हे नाशिककरांना मी काय सांगायचं, सोफ्यावर झोपणारी लॅब रात्री पडवीत बांधली म्हणजे बिबट्याला घरपोच डबाच की. आणि असं सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे (पहिल्या वेळी दंड १० ते ५० रुपये, हसावं की रडावं!).

सोसायटीचं म्हणाल तर बहुमताने ठराव केला तरी पाळीव कुत्र्याला बंदी घालता येत नाही, अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाच्या २०१५ च्या सूचना आहेत, प्रिंट काढून सेक्रेटरींच्या हातात द्या. घरमालकच नको म्हणत असेल तर मात्र दुसरा फ्लॅट बघा.

पण सासूबाईंचं कारण खरंय. ३० किलोचं कुत्रं नव्या गुडघ्यावर आदळलं तर काय होईल! तेव्हा द्यायचंच ठरलं तर व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो नंतर, आधी तिची नसबंदी करून घ्या. फुकट मादी लॅब म्हटलं की पिल्लं काढून विकणारेच आधी फोन करतात, ऑपरेशन झालंय म्हटलं की निम्मे फोन आपोआप बंद होतात. टाके भरायला १०-१४ दिवस धरा, तोवर माणसं शोधा. चपला खाते, फटाक्यांना घाबरते, जे असेल ते खरं सांगा, नाहीतर महिन्याभरात ती परत तुमच्याच दारात. द्यायच्या आधी त्यांच्या घरी जाऊन या आणि एवढंच विचारा, रात्री झोपणार कुठे? "गच्चीवर" म्हणाले की चहा प्यायचा आणि परत यायचं.

देताना लसीचं कार्ड, थोडं नेहमीचं खाणं आणि तिची न धुतलेली चादर द्या, आणि दोन आठवडे ट्रायल ठरवा. पहिले एक-दोन दिवस जेवली नाही तर लगेच आणायला धावू नका. आणि प्लीज, व्हिडिओ कॉलवर तिला हाक मारू नका, आमची कुत्री फोनच्या मागे जाऊन मला शोधत बसायची.