निवांत मेंदूचा स्कॅन काढून लेकराची एकाग्रता कळते का?

तुमचा मुलगा लातूरला नीटची तयारी करतोय, आणि दहा मिनिटं निवांत पडून मेंदूचा स्कॅन काढला की त्याचं लक्ष किती लागतं ते कळेल, असं कुणीतरी तुम्हाला सांगितलंय. पैसे घालावेत का, हा प्रश्न. घालू नका.

मी एमआरआय टेक्निशियन आहे, सध्या लातुरातच. आधी काही वर्षं संशोधनाच्या मशीनवर हेच ‘रेस्टिंग’ स्कॅन काढायचो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हे शास्त्र थोतांड नाही. 1995 मध्ये भरत बिस्वाल या संशोधकानं दाखवलं की माणूस काही न करता पडून असला तरी दोन्ही हात हलवणारे मेंदूचे डावे-उजवे भाग एका तालात वरखाली होत असतात. पण मशीनला विचार दिसत नाहीत. पेशी कामाला लागल्या की पाच-सहा सेकंदांत तिथं रक्ताची आवक वाढते, रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण बदलतं, ते मशीन टिपतं. पाटाला पाणी किती आलं त्यावरून रानात काय पेरलंय ते ओळखण्यातला प्रकार. श्वास, नाडी, सकाळचा चहा, सगळ्यानंच ते पाणी हलतं.

खरी डोकेदुखी म्हणजे डोकं हलणं. अर्धा मिलिमीटर हललं तरी मेंदूच्या भागांमधले नसलेले संबंध दिसतात आणि असलेले पुसट होतात. 2012 मध्ये एकापाठोपाठ तीन गटांनी हे दाखवलं आणि लहान मुलांवरचे बरेच जुने निष्कर्ष पुन्हा तपासायची वेळ आली, कारण लेकरं मोठ्यांपेक्षा जास्त चुळबुळ करतात. थुंकी गिळली तरी मला स्क्रीनवर कळायचं.

दुसरी गोष्ट झोपेची. आम्ही सांगायचो, डोळे उघडे ठेवा, समोरच्या फुलीकडं बघा. एक पोरगा दुपारी भाकरी-पिठलं हाणून आला होता. चौथ्या मिनिटाला पोटावरच्या, श्वास टिपणाऱ्या पट्ट्याची स्क्रीनवरची रेघ संथ झाली, लांब लांब लाटा. मशीनच्या एवढ्या ठकठकीत! माईकवरून विचारलं, “झोपलास का रे?” तर म्हणे, “नाही सर, फुलीकडंच बघतोय.” मेंदू निवांत होता खरा, पण असा. जर्मनीतल्या 2014 च्या एका अभ्यासात साधारण तिघांतला एक जण पहिल्या तीन मिनिटांतच पेंगायला लागलेला निघाला.

आता भरवशाचं. त्याच माणसाचा पुन्हा स्कॅन काढला तर तेच येतं का? 2019 मध्ये बऱ्याच अभ्यासांचे आकडे एकत्र करून पाहिले, तेव्हा मेंदूतल्या एकेका जोडणीची, म्हणजे दोन भाग किती एका तालात चालतात त्या आकड्याची, विश्वासार्हता सरासरी 0.29 निघाली, 1 म्हणजे अगदी तंतोतंत. गंमत म्हणजे 2015 मध्ये 126 जणांच्या स्कॅनमधून, सगळ्या जोडण्यांचा नकाशा मिळून, कोणता स्कॅन कुणाचा ते नव्वद टक्क्यांच्या वर बरोबर ओळखता आलं. म्हणजे माणूस ओळखू येतो. पण त्याची हुशारी, एकाग्रता सांगायची तर 2022 च्या मोठ्या अभ्यासानुसार हजारो माणसांचे स्कॅन लागतात, आणि तेव्हाही संबंध बारीकच दिसतो. एकाच माणसाचा खात्रीचा नकाशा हवा म्हणून अमेरिकेतल्या एका गटानं दहा जणांना प्रत्येकी एकूण पाच तास मशीनमध्ये निवांत, जागं पडून राहायला लावलं होतं, तेही मध्यरात्रीनंतर, कारण तेव्हा मशीनचं भाडं कमी! तुमच्याकडं दहा मिनिटं आहेत.

फिट येते, सतत डोकं दुखतं म्हणून डॉक्टरांनी एमआरआय लिहून दिला असेल तर तो बिनघोर करा. तो मेंदूची रचना दाखवतो. त्याचं काम वेगळं.

आणि त्या माणसाला एवढंच विचारा: आठ दिवसांनी याच पोराचा फुकटात परत स्कॅन काढून, दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून दाखवता का?