नस दबली असेल तर कळ कुठपर्यंत जाते ते रोज बघा

ताई, इतरांनाही कळावं म्हणून तुमचा प्रश्न थोडक्यात मांडते. आई ५८ वर्षांच्या, एल४-एल५ची, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी सरकलेली, कळ डाव्या कुल्ल्यातून पोटरीपर्यंत, पावलाला मुंग्या. तीन आठवडे मशीनचा शेक घेऊन फरक नाही. घरचे म्हणतात पलंग सोडू नका. आणि आईंना एवढंच विचारायचंय की नवरात्रात गरबा होईल का. मी डॉक्टर नाही. माझीही त्याच मणक्यात नस दबली होती, पाऊल जमिनीवर घासत चालायचे. फिजिओथेरपीने पुन्हा नीट चालती झाले, म्हणून लिहितेय.

आधी आजच विचारायचं ते. लघवी अडते का किंवा झालेली कळत नाही का? शौचावरचा ताबा गेलाय का? बसायच्या जागी, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिर वाटतं का? दोन्ही पायांतली ताकद जातेय का? यातलं एकही असेल तर पुढचं वाचू नका, रात्रीचे दोन वाजले असले तरी आपल्या बडोद्याच्या सयाजी हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत न्या. तिथे तासांचा हिशोब असतो, आठवड्यांचा नाही.

तसं काही नसेल तर आईंना ओट्याला धरून उभं करा. टाचांवर चार पावलं टाकायला सांगा, मग एका पायाच्या चवड्यावर उभं राहायला. एल५ची, म्हणजे पाचव्या मणक्याखालून निघणारी नस दबली की पायाचा अंगठा वर उचलत नाही, टाचेवर चालताना पाऊल खाली पडतं. एस१, म्हणजे तिच्या खालची नस दबली की चवड्यावर उभं राहता येत नाही. उजव्या-डाव्यात फरक दिसला तर तारीख घालून लिहून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. दर आठवड्याला तेच बघा. ताकद कमी होत चालली असेल तर फिजिओची पुढची तारीख येईपर्यंत थांबू नका, थेट सर्जनकडे जा.

आता मुख्य गोष्ट. आपण सगळे रोग्याला विचारतो, ‘आज कमी आहे का?’ नसेच्या दुखण्यात त्यापेक्षा उपयोगाचा प्रश्न म्हणजे, ‘आज कुठपर्यंत आहे?’

१९५६ साली न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनला रॉबिन मॅकेन्झी नावाच्या फिजिओथेरपिस्टकडे पायात कळ जाणारा एक रोगी आला. त्याला टेबलावर पालथं पडायला सांगितलं. टेबलाची डोक्याकडची बाजू आधीच्या रोग्यासाठी उचललेली होती, ती तशीच राहिलेली. थोड्या वेळाने मॅकेन्झी आले तर हा कंबर मागे वाकलेल्या स्थितीत आरामात पडलेला, आणि पायातलं दुखणं गेलेलं. पुढे त्यांनी यावर सगळी पद्धतच उभी केली. तिचं मर्म असं: एखाद्या हालचालीने कळ पोटरीतून मांडीत, मांडीतून कुल्ल्यात, कुल्ल्यातून कमरेत येत असेल, तर ती हालचाल तुमच्या बाजूची. कंबर थोडी जास्त दुखली तरी चालेल. उलट कंबर हलकी वाटली पण कळ घोट्यापर्यंत उतरली, तर तो व्यायाम त्या दिवशी बंद. माझ्या फिजिओताई प्रत्येक वेळी बोट ठेवून दाखवायला लावायच्या, इथे की इथे. मला आधी तो पोरखेळ वाटायचा.

पण म्हणून आईंना यूट्यूब बघून भुजंगासन घालायला लावू नका. या वयात नसेचा मार्गच अरुंद झालेला असू शकतो. अशांना मागे वाकलं की त्रास वाढतो आणि खाली बसलं, पुढे वाकलं की बरं वाटतं. गादी सरकणं आणि मार्ग अरुंद होणं, दोन्हींना लोक ‘मणक्यात गॅप’च म्हणतात, व्यायाम मात्र उलटे. हे हाताने तपासूनच ठरतं.

मशीनबद्दल: शेक, करंट, वजन लावणं, याने तात्पुरतं बरं वाटतं आणि व्यायाम करायला सोपं जातं, इतकंच. तीन आठवड्यांत कोणी आईंना चालवून बघितलं नसेल, पाय उचलून नस किती ताणली जाते ते पाहिलं नसेल, घरी करायला काही दिलं नसेल, तर जागा बदला. सयाजीच्या फिजिओथेरपी विभागात गर्दी असते, पण शिकणारी मुलं खरोखर नीट तपासतात.

पलंगाचं तर विसराच. नेदरलँड्समध्ये १९९९ साली सायटिकाच्या, म्हणजे अशीच कमरेतून पायात कळ जाणाऱ्या १८३ रोग्यांचा अभ्यास झाला. निम्म्यांना दोन आठवडे झोपवून ठेवलं, निम्म्यांना जमेल तसं हिंडू दिलं. १२ आठवड्यांनी दोन्हीकडे ८७ टक्के सुधारले होते. झोपून काही मिळालं नाही, आणि पडून राहिल्याने स्नायू जातात ते वेगळं.

एमआरआयच्या अहवालातला ‘बल्ज’, म्हणजे गादी फुगून बाहेर आलेली, हे वाचून घाबरू नका. काहीच दुखत नसलेल्या माणसांच्या तपासण्या एकत्र केल्या तेव्हा विशीतल्या ३० टक्के लोकांत बल्ज निघाला, ऐंशीतल्या ८४ टक्के लोकांत. शिवाय बाहेर आलेली गादी बऱ्याचदा काही महिन्यांत आपोआप आक्रसते.

चालण्याचं असं करा. एकदम लांब फेरी नको, दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं. पाऊस असेल तर गॅलरीत. कामाटीबागेत नेलंत तर बाकांच्या कडेकडेने, आणि कळ खाली उतरायला लागायच्या आत बसायचं. मी तर बाकं मोजूनच चालायचे. घरी पूजेला पाटाऐवजी खुर्ची, भारतीय संडास असेल तर त्यावर ठेवायची कमोड खुर्ची, बादली अर्धीच. उठताना आधी कुशीवर, मग हाताच्या जोरावर. ॲक्टिव्हाच्या मागे बसून स्पीडब्रेकर सध्या नकोतच. कमरेचा पट्टा बाहेर जाण्यापुरता, दिवसभर नाही.

घरात कोणीतरी मालिशवाल्याकडे नेऊन मणका ‘बसवून’ घ्या म्हणेलच. जुम्मादादा व्यायाम मंदिराची तालीम आणि हाडं बसवण्यात नावाजलेले प्रोफेसर माणिकराव यांच्या या गावात निखळलेला सांधा बसवणाऱ्या हातांवर लोकांचा विश्वास जुना आहे, आणि मला त्या परंपरेचा आदर आहे. पण इथे सांधा निखळलेला नाही, नसेवर दाब आहे. पाठीवर पाय देणं, झटका देणं अजिबात नको.

मुंग्या सगळ्यात शेवटी जातात, हे आईंना आधीच सांगून ठेवा. कळ आधी जाते, मग ताकद येते, बधिरपणा रेंगाळतो. नसेचा तंतू तुटला असेल तर तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो, आणि कमरेपासून पावलापर्यंतचं अंतर तुम्हीच मोजा. साखर आणि बी१२ तपासून घ्या. शाकाहारी घरांत बी१२ कमी निघतं आणि त्यानेही पावलांना मुंग्या येतात, खापर मात्र मणक्यावर फुटतं.

ऑपरेशनचं नाव काढलं की घरात सुतक येतं, तेही नको. २००७ साली नेदरलँड्समधलाच अभ्यास आहे, २८३ रोगी. लवकर ऑपरेशन केलेल्यांचं पायाचं दुखणं लवकर गेलं, पण वर्षाअखेरीस दोन्ही गट जवळपास सारखे होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना त्या वर्षात शेवटी ऑपरेशन लागलंच. म्हणजे ताकद टिकून असेल तर थांबायला वाव आहे, आणि लागलं तरी फिजिओथेरपी वाया गेली असं होत नाही, नंतरही तीच करायची असते.

राहिला गरबा. अनवाणी, वाकून टाळी आणि लगेच गिरकी, हे कमरेला सगळ्यात जड. नवरात्रापर्यंत कळ गुडघ्याच्या वर आली असेल आणि दोन्ही टाचांवर सारखं चालता येत असेल, तर शेरीतल्या, म्हणजे गल्लीतल्या गरब्यात खुर्ची घेऊन जा. आरतीनंतर पहिली संथ फेरी, गिरकी न घेता, मग बसायचं. युनायटेड वेच्या मोठ्या गरब्याचं मैदान पुढच्या वर्षी बघू.