पॅकेज राहू द्या, आधी कार्ड मोकळं करा

चिंचवडच्या एका वाचकाचं पत्र आहे. वय 29, हातात येणारा पगार 52,000. बढतीनंतर क्लायंटसमोर बसावं लागतं, म्हणून औंधमधल्या एका सलूनचं 24,000 रुपयांचं वर्षभराचं ग्रूमिंग पॅकेज घ्यावं का, असं ते विचारतात. ‘एरवी याचे 36,000 होतात. शिवाय क्रेडिट कार्डावर सहा महिन्यांचा नो-कॉस्ट ईएमआय आहे. कार्डावर 70,000 बाकी आहेत, पण मिनिमम ड्यू न चुकता भरतो. दीड लाखाची एफडी अडीअडचणीला ठेवलीय.’

पॅकेज घेऊ नका. 36,000चा आकडा फेशियल, हेअर स्पा आणि पेडिक्युअर घालून फुगवलाय, आणि फेशियल तर तुम्ही आजवर एकदाच, बहिणीच्या लग्नात केलंत. तुम्हाला लागतं ते महिन्याला एक कटिंग आणि दोनदा दाढी. तुम्ही पाठवलेल्या रेटकार्डावर कटिंगचे 400 आणि दाढीचे 200 आहेत. महिन्याचे 800, वर्षाचे साडेनऊ हजार. क्लायंटसमोर नीटनेटकं दिसायला तेवढं पुरतं, तेव्हा खुशाल त्याच सलूनमध्ये जा आणि दर वेळी रोख द्या. रेटकार्डावर जीएसटी अजून 18 टक्के छापलाय. 22 सप्टेंबर 2025 पासून सलूनला तो 5 टक्के आहे, बिल तपासून घ्या.

पत्र वाचताना माझा जीव अडकला तो ‘न चुकता’ या शब्दांत. तुमच्या कार्डाचं व्याज महिना साडेतीन टक्के आहे. 70,000वर सुमारे 2,450, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 2,900च्या आसपास. तुम्ही भरता ती मिनिमम ड्यू, म्हणजे बँक मागते ती किमान रक्कम, 3,500. मुद्दल उतरतं जेमतेम 600 रुपयांनी! वर्षाला तीस हजारांहून जास्त नुसतं व्याज आणि त्यावरचा जीएसटी. बाकी राहिली की नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. पेट्रोल भरलं त्याच दिवसापासून मीटर सुरू.

त्यात हा नो-कॉस्ट ईएमआय. प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी तुमच्याच खिशातून जातो. शिवाय महिन्याचा 4,000चा हप्ता अख्खा मिनिमम ड्यूमध्ये चढतो. आज 3,500 भरताना बाकी हलत नाही, मग 7,500 कुठून आणणार? हे काउंटरवर कुणी सांगत नाही, याचा मला मनापासून राग येतो.

आणि एफडी? सात टक्के मिळवणारे पैसे बाजूला ठेवून तुम्ही बेचाळीस टक्क्यांचं कर्ज पोसताय. अडीअडचण म्हणतात ती हीच, आणि ती आत्ता आलीय. एफडी मोडा. दंडापोटी व्याज थोडं कमी मिळेल, मिळू द्या. 70,000 कार्डात भरा, उरलेल्या 80,000ची पुन्हा एफडी करा. दरमहा सुटणारे 3,500 त्याच बँकेत आवर्ती ठेवीत टाका. दोन वर्षांच्या आत दीड लाख परत उभे राहतील.

सगळं भरल्यावरही पुढच्या स्टेटमेंटमध्ये मधल्या दिवसांचं थोडं व्याज लागून येईल. घाबरू नका, तेही पूर्ण भरा. त्यानंतरचं स्टेटमेंट मला पाठवा.