कानबाईच्या सव्वा मुठी

भाऊ, तू विचारलंस, म्युनिकला नोकरी मिळतेय, बायको आणि सहा वर्षांची मुलगी बरोबर येणार, तर साक्री सोडून यावं का? आणि पुढे कधी गावाकडे परतता येतं का? वयानं मोठा आहे म्हणून अरेतुरे करतोय. व्हिसा, पगार, विमा यातलं काही सांगत नाही, ते सरकारी संकेतस्थळांवर नीट दिलेलं आहे. तुझ्या दुसऱ्या प्रश्नानं मात्र माझी रात्रीची झोप उडवली.

आधी शाळेचं. इथे बव्हेरियात चौथीतच मुलांच्या वाटा वेगळ्या होतात. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांची सरासरी बघतात. इथे १ म्हणजे सगळ्यात चांगला. २.३३ किंवा त्याहून चांगली सरासरी असेल तर गिम्नाझियम, म्हणजे थेट विद्यापीठाकडे जाणारी शाळा. आमच्या पोराला २०१७ मध्ये २.६६ आले. दहा वर्षांच्या पोराला! त्याच्या वर्गशिक्षिकेनं दुसरीतच सांगितलं होतं, घरी जर्मन बोला, तुमच्या भाषेमुळे मूल मागे पडतंय. आम्ही ऐकलं. त्या दिवसापासून घरातली अहिराणी बंद. मी आणि बायको मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये पोराला जेवायला बोलवायचो. तरीही २.६६च. तीन दिवसांच्या चाचणी-वर्गाला बसवता आलं असतं, पण पोर आणखी खचेल म्हणून मीच कच खाल्ली. आज तो रेआलशूल, म्हणजे दहावीपर्यंतची मधली शाळा, संपवून यंत्रांचं काम शिकतोय, खूश आहे. माझ्या मनातून ते जात नाही. मार्कांचं एक वेळ सोडून देईन, पण घरातली बोली मी माझ्या हातानं बंद केली.

म्हणून तुला सांगतो, मुलीशी घरी अहिराणीतच बोल, कोणी काही म्हणो. जर्मन ती शाळेत शिकेल, तुमच्यापेक्षा चांगली शिकेल.

कागदपत्रांचं एकच सांगतो. निघण्याआधी वडिलांचं नाव सगळीकडे एकसारखं करून घे. आमचे दादा मे २०२१ मध्ये गेले. तेव्हा मला निघता आलं नाही, त्यावर जास्त लिहीत नाही. मग वारसनोंदीसाठी वकिलातीतून मुखत्यारपत्र करून पाठवलं. सातबाऱ्यावर दादांचं घरचं हाकेचं नाव, माझ्या पासपोर्टवर शाळेतलं. कागद परत. प्रतिज्ञापत्र पाठवलं, तेही परत. तीन वर्षं आई त्या कार्यालयाच्या पायऱ्या चढत होती, आणि मी इथून फोनवर आवाज चढवत होतो. आणि हे लक्षात ठेव: जर्मनीनं २०२४ पासून दुहेरी नागरिकत्वाला परवानगी दिली असली तरी भारत देत नाही. इथला पासपोर्ट घेतला की आपला परत करावा लागतो. मग ओसीआय कार्डावर, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या कार्डावर, वारशानं आलेली शेती ठेवता येते, नवी विकत घेता येत नाही. माझा इथल्या नागरिकत्वाचा अर्ज मी अजून भरलेला नाही.

एकटेपणाचं विचारलंस. बायको-पोर सोबत असली की निभतं. डिसेंबरात साडेचारलाच अंधार पडतो, एवढं सोडलं तर त्याची काळजी करू नकोस.

परतण्याचं सांगतो. शाळेच्या दिवसांत पोराला काढून नेता येत नाही, दंड होतो. म्हणजे आखाजी, आपली अक्षय्य तृतीया, गेली. पण इथली उन्हाळी सुटी साधारण ऑगस्टभर असते, आणि नागपंचमीनंतरच्या रविवारी आपल्या खानदेशातला कानबाई देवीचा सण. बहुतेक वर्षी तो सुटीत बसतो. हे मला पहिल्या वर्षापासून माहीत होतं. तरी तिकिटं महाग, रजा नाही, घराचा हप्ता, असं करत २०१३ नंतर थेट २०२४ मध्ये गेलो. अकरा वर्षं.

ताहाराबादहून पिंपळनेरला घरी निघालो. सेलबारी घाटात पाऊस होता, काचेतून काही दिसेना, पण ओल्या मातीचा वास आला आणि मी गाडी थांबवायला लावली. घरी पोचलो तर आई ओट्यावर. "कव्हय उना रे भो?" कधी आलास, एवढंच म्हणाली, जसा मी साक्रीच्या बाजाराहून आलोय.

कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांच्या दळणासाठी तिनं गहू काढले. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ, तुला ठाऊकच आहे. पत्र्याच्या डब्यातून सुपात मूठ टाकताना ती नाव घेत होती. माझं घेतलं, पोराचं घेतलं. शेजारची काकू म्हणाली, दर वर्षी टाकते, तुम्ही नसलात तरी. या खेपेला तिनं पोराचा हात धरून डब्यात घातला. तिच्या दोन मुठींएवढी त्याची एक मूठ. ती हसली आणि त्याला काहीतरी लांबलचक सांगायला लागली, त्याच्या आजोबांचे हात कसे होते ते. पोरगा माझ्याकडे बघत राहिला. मग माझ्या आईचं बोलणं मी माझ्या पोराला जर्मनमध्ये सांगितलं, आमच्याच स्वयंपाकघरात उभं राहून.

नोकरी चांगली आहे, ये तू. निघण्याआधी पिंपळनेरला आमच्या घरून जा, आईला फोन करून ठेवतो. ती बिबडे, आपले ज्वारीचे पापड, बांधून देईल, सामानात बसले तर आण. मुलीलाही ने बरोबर, आईशी तिला बोलू दे.