विष घालताना हसू आलं, त्याचं काय?

प्रश्न : तुम्ही मागे सुचवलेला 'द मॅच फॅक्टरी गर्ल' हा सिनेमा पाहिला. काडेपेटीच्या कारखान्यात राबणारी इरिस. तिच्या पगारावर आई आणि सावत्र बाप बसून खातात. एका रात्रीपुरता भेटलेला माणूस तिला दिवस गेल्यावर चेक पाठवून मोकळा होतो. शेवटी ती उंदराचं औषध आणते. त्या नटीचा चेहरा काही हलत नाही! याला अभिनय म्हणायचं? आणि ती एकेकाच्या पेल्यात विष ओतायला लागली तेव्हा मला चक्क हसू फुटलं. मग स्वतःचीच लाज वाटली.

उत्तर : लाज कसली? मीही हसलो. औषधाच्या दुकानात ती विचारते, यानं काय होतं? उत्तर येतं, जीव जातो. 'छान,' म्हणते, आणि पुडा घेऊन चालू पडते. सिनेमाचा दिग्दर्शक आकी काउरिसमाकी हा फिनलंडचा माणूस असाच आहे, दुःख सांगताना आवाज चढवत नाही.

आता चेहरा. सुरुवात पुन्हा लावून बघा. ओंडका सोलला जातो, त्याचे पापुद्रे, पापुद्र्यांच्या काड्या, काड्यांच्या पेट्या. नुसती यंत्रं. मग तिचे हात, आणि तोंड त्यानंतर. पहिली दहाएक मिनिटं कुणी कुणाशी बोलत नाही. मी तर सबटायटल्स बिघडली समजून रिमोट शोधत होतो. घरात बोलतो तो टीव्ही. १९८९ साली चीनमधल्या तिआनानमेन चौकात निदर्शकांवर झालेल्या गोळीबाराच्या बातम्या चालू, आणि माणसं ढिम्म. अशा घरात वाढलेल्या मुलीच्या चेहऱ्यावर काय उमटणार? म्हणूनच पगारातून तो भडक ड्रेस घेते तेव्हा आपण दचकतो. सगळ्या सिनेमात तिनं मोठ्यानं बोललेलं वाक्य कुठलं विचाराल तर मी त्या ड्रेसकडे बोट दाखवीन. बाप थोबाडीत मारतो, आई ड्रेस परत करायला सांगते. ती परत करत नाही. इरिस झालेल्या काती ओउतिनेननं इथे काहीही 'करून दाखवलेलं' नाही. याहून अवघड काम मला माहीत नाही.

नाचाच्या हॉलमधला प्रसंग निसटला असेल तर तोही बघा. बाकावरच्या बायका एकेक करून नाचायला उठतात, इरिस उरते. स्टेजवर गायक 'सातुमा' हे टँगो नाचाचं गाणं गातोय. समुद्रापलीकडे एक सुखाचा देश आहे, असं ते गाणं. काउरिसमाकीचे कामगारांवरचे तीन सिनेमे आहेत, १९८६, १९८८ आणि १९९०चे. पहिल्या दोन्हींत शेवटी माणसं खरंच जहाजानं निघून जातात. तिसरा हा. इथे कारखान्यात पोलीस येतात.

फार जड वाटत असेल तर त्यातला पहिला, 'शॅडोज इन पॅरडाइज', लावा. त्यातही ओउतिनेनच आहे, सुपरमार्केटच्या गल्ल्यावर बसलेली. चेहरा तसाच. पण तिला जहाज मिळतं.