विम्याच्या क्लेममध्ये थोडं वाढवून लिहिलं, आता काय होईल?

हा प्रश्न लोक सहसा आडून विचारतात, एका मित्राने असं केलंय म्हणून. पण मागे एक गृहस्थ आले (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत) ते सरळच बोलले. शॉर्ट सर्किट होऊन किचन जळालं होतं, फ्रिज गेला, वायरिंग गेलं, नुकसान सगळं खरं. पण फॉर्म भरताना कोणीतरी म्हणालं की कंपनी तशीही कापूनच देते, थोडं वाढवून टाका, म्हणून त्यांनी एक लॅपटॉप लिहिला जो आगीच्या आधीच विकलेला होता. सर्वेअरने (नुकसान तपासायला येतो तो) बिल आणि सिरियल नंबर मागितला आणि यांची झोप उडाली. "ताई, ओळखीतला एक जण जुन्या तारखेचं बिल करून देतोय, देऊ का? आणि मला अटक होईल का?"

मी म्हटलं आधी ते बिल विसरा. खोटी वस्तू लिहिणं एक, पण खोटं बिल जोडलं की तो बनावट कागद होतो, बहुतेक ठिकाणी तो वेगळा गुन्हा आहे आणि बिल देणाराही त्यात अडकतो. शिवाय हे लपत नाही, दुकानात चौकशी होते, बिलाचा नंबर आधीच्या-नंतरच्या बिलांशी जुळवतात, मोबाईलच्या फोटोत तारीख असते.

त्यांना वाटत होतं की फार तर लॅपटॉपचे पैसे कापतील. इथेच बहुतेकांची गफलत होते. अनेक पॉलिसींमध्ये अट असते की क्लेममध्ये जाणूनबुजून खोटं असेल तर अख्खा क्लेम बाद, म्हणजे जळालेल्या किचनचे खरे पैसेही गेले, वर पॉलिसी रद्द होऊ शकते. हे ऐकून ते बराच वेळ गप्प बसले. कंपनीने तुमचं घर रोज पाहिलेलं नसतं, तुमच्या शब्दावर सगळं चालतं. 1766 साली इंग्लंडमध्ये कार्टर विरुद्ध बोहम या विम्याच्या खटल्यात न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी हेच मांडलं, आणि हा प्रामाणिकपणा दोन्ही बाजूंना लागू आहे, कंपनीनेसुद्धा माहीत असलेलं लपवायचं नसतं.

पुढचा त्रास लोकांच्या लक्षातच येत नाही. नवीन पॉलिसी घेताना फॉर्मवर विचारतात की आधी कुणी पॉलिसी रद्द केलीय का, तिथे खरं लिहिलं तर प्रीमियम वाढतो किंवा नकार येतो, खोटं लिहिलं तर पुन्हा तेच. बऱ्याच देशांत कंपन्या अशी माहिती एकमेकांना देतात.

अटकेबद्दल मी त्यांना काही होणार नाही असं खोटं आश्वासन दिलं नाही. ते रक्कम, हेतू आणि तिथला कायदा यावर ठरतं, म्हणून आधी वकील गाठा म्हटलं. पण त्याच्याही आधी बायकोला सांगा, कारण त्यांची निम्मी घुसमट तिच्यापासून लपवण्याची होती.

वकिलाशी बोलून त्यांनी छोटं पत्र दिलं: आग लागली तेव्हा ही वस्तू माझ्याकडे नव्हती, ती क्लेममधून काढत आहे, बाकीचे पुरावे सोबत. घाईत चुकून लिहिलं असं घालायचा मोह त्यांना झाला होता, मी नको म्हटलं, कारण तेही खोटंच झालं असतं. चौकशी लांबली, बरेच खोचक प्रश्न आले, पण उरलेला क्लेम त्यांना मिळाला. सगळ्यांना मिळेलच असं नाही, आणि पकडलं गेल्यावर मागे घेतलं तर गोष्ट आणखी अवघड होते.

एक मात्र सांगते, कारण प्रामाणिक माणसंही उगाच घाबरतात. वस्तूची किंमत अंदाजाने सांगितली, तारीख आठवली नाही, हा फ्रॉड नाही, फक्त अंदाज असेल तर तसं लिहा. आणि एजंटने तुमचा फॉर्म भरला असेल तर सही तुमची आहे, म्हणून त्या फॉर्मची कॉपी मागून वाचा, आजार किंवा आधीचा क्लेम लिहायचा राहिला असेल तर कंपनीला आत्ताच लेखी कळवा, क्लेमची वेळ यायच्या आधी.